हसण्याचा रकाना काढून टाका

सेवाक्षेत्रातल्या मनुष्यबळ विभागांचे प्रमुख, प्रशिक्षक आणि कर्मचाऱ्यांनी कसं वागावं याचे नियम लिहिणारे सगळे यांना,

स. न. वि. वि.

तुमच्या मूल्यमापनाच्या फॉर्ममध्ये एक रकाना असतो. कुठे त्याला 'हसतमुख वावर' म्हणतात, कुठे 'प्रसन्न चेहरा', कुठे सरळ 'स्माइल'. त्यापुढे पाचपैकी गुण द्यायचे असतात. पगारवाढ, बढती, कंत्राट पुढे चालू ठेवणं या सगळ्यांत त्या गुणांचा वाटा असतो, कधी थोडा, कधी बराच. हा रकाना काढून टाका, ही मागणी करण्यासाठी हे पत्र लिहिते आहे.

मी रुग्णालयाच्या स्वागतकक्षात काम करत आले आणि आता तिथे नव्याने येणाऱ्यांना काम शिकवते. काउंटरच्या या बाजूला हसू काय असतं, ते तुमच्या फॉर्मपर्यंत पोचत नाही. ते पोचावं अशी तुमची इच्छा असेल, असं मी मनापासून धरून चालते. तुमच्यापैकी बहुतेकांनी हा नियम वाईट हेतूने लिहिलेला नाही. घाबरलेला, गोंधळलेला माणूस खिडकीशी आला तर त्याला समोर दगडी चेहरा दिसू नये, एवढंच तुमच्या मनात होतं आणि त्यात गैर काहीच नाही. माझी तक्रार आहे ती त्यासाठी तुम्ही जे मोजायला घेतलंत त्याबद्दल.

प्रशिक्षणात एक वाक्य हमखास ऐकवलं जातं: 'हसू नुसतं ओठांवर नको, डोळ्यांत दिसलं पाहिजे.' यामागे जुना अभ्यास आहे. ड्यूशेन या फ्रेंच डॉक्टरांनी चेहऱ्याच्या एकेका स्नायूला विजेचा प्रवाह देऊन कोणता स्नायू काय करतो ते पाहिलं, त्याचे फोटो काढले आणि १८६२मध्ये ते प्रसिद्ध केले. ओठांचे कोपरे वर ओढणारा गालातला स्नायू आपण म्हणू तेव्हा हलतो, पण डोळ्याभोवतीचा स्नायू खऱ्या आनंदाशिवाय आकसत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. दहा वर्षांनी, १८७२मध्ये, चार्ल्स डार्विन यांनी भावनांच्या आविष्कारावरच्या आपल्या ग्रंथात त्यातले फोटो वापरले. पुढे पॉल एकमन या मानसशास्त्रज्ञांनी अशा हसण्याला ड्यूशेन यांचंच नाव दिलं. तुमच्या प्रशिक्षणाच्या स्लाइडवर डोळ्यांच्या कडेला सुरकुत्या पडलेला जो चेहरा असतो, तो तिथून आलेला आहे.

पण अभ्यास तिथे थांबला नाही. नंतरच्या प्रयोगांत दिसून आलं की डोळ्याभोवतीचा स्नायूही बरेच लोक ठरवून आकसू शकतात. त्यासाठी प्रयोगशाळेत जायची गरज नाही. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलामुलींना काही दिवसांत ते साधतं. गाल जरा जास्त वर ओढले की डोळे आपोआप बारीक होतात. म्हणजे ज्या खुणेवरून तुम्ही 'खरं हसू' ओळखता, ती खूण आम्ही शिकून घेतली आहे. तुम्ही गुण देता ते आमच्या सरावाला.

मुळात माणूस आनंद झाला म्हणून हसतो, हेच अर्धं खरं आहे. रॉबर्ट क्राउट आणि रॉबर्ट जॉन्स्टन या दोघांनी १९७९मध्ये बोलिंग खेळणाऱ्यांची निरीक्षणं प्रसिद्ध केली. चेंडू नेमका लागला, सगळे खुंट पडले, तरी खेळाडूचं तोंड खुंटांकडे असताना तो फारसा हसत नव्हता. मित्रांकडे वळला की हसू यायचं. १९९२च्या बार्सिलोना ऑलिंपिकमधल्या सुवर्णपदक विजेत्यांचे चेहरे अभ्यासले तेव्हाही तसंच आढळलं. आयुष्यातला सर्वांत मोठा क्षण असूनही ते हसत होते ते प्रामुख्याने समोरच्या लोकांशी नजरानजर, देवाणघेवाण चालू असताना. हसू कोणाला तरी उद्देशून असतं. 'मी तुझ्या बाजूचा आहे', 'माझ्यापासून तुला धोका नाही', 'मला सोड', 'मला मारू नकोस', 'इथे साहेब मी आहे' हे सगळं त्याने सांगता येतं. तुमच्या रकान्यात हे सगळे अर्थ एकाच आकड्यात कोंबलेले असतात.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं, त्याकडे येते. हसू काय झाकतं?

एकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नर्सिंगच्या विद्यार्थिनींवर केलेला एक प्रयोग आहे. त्याचे हसण्याबद्दलचे निष्कर्ष १९८८मध्ये प्रसिद्ध झाले. या विद्यार्थिनींना अवयव कापण्याची आणि भाजलेल्या जखमांची भयंकर दृश्यं दाखवली आणि ती पाहतानाच, आपण निसर्गाची सुंदर फिल्म पाहतो आहोत, असं समोरच्या मुलाखतकाराला पटवायला सांगितलं. त्या हसल्या. खरोखरची सुंदर फिल्म दाखवली तेव्हाही त्या हसल्या होत्या आणि इथेही. फरक एवढाच होता की या दुसऱ्या हसण्यात किळस, भीती, दुःख यांच्या स्नायूंच्या बारीक हालचाली मिसळलेल्या होत्या. त्या हालचाली टिपायला चित्रण हळू करून, स्नायूवार नोंद करावी लागली. तुमच्या पर्यवेक्षकाकडे एवढा वेळ नसतो. तो दारातून डोकावतो, दात दिसले की रकाना भरतो.

दुसरं उदाहरण अधिक अस्वस्थ करणारं आहे. मानसशास्त्रज्ञ स्टॅनली मिलग्रॅम यांचा आज्ञाधारकपणाचा प्रयोग १९६३मध्ये प्रसिद्ध झाला. शेजारच्या खोलीतल्या माणसाला आपण विजेचे झटके देतो आहोत, असं सहभागी झालेल्यांना खरोखर वाटत होतं. वरून 'पुढे चला' असा हुकूम येत होता. त्या ४० पुरुषांपैकी १४ जणांना मधूनच हसू फुटत होतं. मजा वाटत होती म्हणून नव्हे. त्यांना घाम सुटला होता, ते थरथरत होते आणि आपण गंमत म्हणून हसलो नाही, हे नंतर ते आवर्जून सांगत होते. नको ते काम हुकमाने करावं लागणारा माणूस असाही हसतो. खोलीत हसण्याचा फॉर्म घेऊन कोणी उभं असतं, तर त्या १४ जणांना चांगले गुण पडले असते.

आता एक प्रसंग सांगते, फारसा मोठा नाही, आणि म्हणूनच सांगते. रात्रपाळी होती. बिलाच्या खिडकीवर आमची एक तरुण सहकारी होती. समोरच्या माणसाचं काम संपलं होतं, पावती हातात होती, तरी तो हलत नव्हता. दोन्ही कोपरं काउंटरवर टेकवून तो पुढे झुकला आणि म्हणाला, 'तुम्ही हसता फार छान. नंबर द्या की.' ती हसली. 'सर, रुग्णालयाचा नंबर पावतीवर आहे.' तो म्हणाला, 'रुग्णालयाचा कोण मागतंय?' ती परत हसली. काउंटरखाली तिच्या डाव्या हातात पेन होतं आणि त्याचं टोपण ती काढत होती, घालत होती, काढत होती, घालत होती. खुर्ची मागे सरकायला जागा नव्हती, मागे फाइलींचं कपाट. मी शेजारच्या खिडकीवरून उठले आणि एक फाइल विचारण्याच्या निमित्ताने तिच्या खुर्चीला लागून उभी राहिले. तेव्हा तो गेला.

हा सगळा वेळ वरच्या कॅमेऱ्यात तिचा चेहरा दिसत होता. कॅमेऱ्याला आवाज नाही. पर्यवेक्षकाने त्या पाळीचं चित्रण नंतर पाहिलं आणि त्या रकान्यात तिला पैकीच्या पैकी गुण दिले. पुढे तिने रेकॉर्ड विभागात बदली मागितली. अर्जात कारण लिहिलं, 'वैयक्तिक'. तिथे खिडकी नाही, तिथे कोणाला हसून दाखवावं लागत नाही.

त्या मुलीचं हसू म्हणजे मदतीची हाक होती. ती तुमच्या फॉर्मने 'ग्राहकाभिमुख वर्तन' म्हणून नोंदवली. तिने हसणं थांबवलं असतं तर त्या माणसाला काय ते कळलं असतं. पण मग ते कॅमेऱ्यालाही दिसलं असतं आणि गुण गेले असते. बाहेर रस्त्यात कोणी असं वागलं तर बाई चेहरा कठोर करू शकते. ती कामावर येते तेव्हा ही साधी सोय तुम्ही तिच्याकडून काढून घेता. ज्याला वरचढ व्हायचं असतं तो हे बरोबर ओळखतो. समोरची व्यक्ती आपल्यावर डोळे वटारू शकत नाही, हे त्याला माहीत असतं.

ही तक्रार फक्त बायकांची नाही, पण बायकांच्या वाट्याला ती जास्त येते, हे बोलून टाकलं पाहिजे. मारिआन लाफ्रान्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. बायका पुरुषांपेक्षा जास्त हसतात, हे त्यात दिसलं. शिवाय आपल्याकडे कोणी पाहतं आहे हे ठाऊक असलं की हा फरक वाढतो आणि स्त्री-पुरुष एकाच भूमिकेत, एकाच नियमाखाली असले की तो कमी होतो, हेही दिसलं. म्हणजे हा स्वभावाचा भाग जितका मानला जातो तितका नाही, अपेक्षेचा बराच आहे. 'जरा हसा की' हे वाक्य रस्त्यावरच्या अनोळखी माणसाने म्हटलेलं किती बायकांनी ऐकलं असेल! तातियाना फझलालिझादे या अमेरिकी चित्रकर्तीने २०१२मध्ये याच वाक्याविरुद्ध भिंतीवर पोस्टर लावायला सुरुवात केली होती. रस्त्यावरचा माणूस जे म्हणतो तेच तुमचा फॉर्म म्हणतो आणि त्याला पगार जोडतो. न हसणारा पुरुष सहकारी फॉर्मवर 'गंभीर' ठरतो, न हसणारी बाई 'तुसडी' ठरते. माझ्यासमोर भरलेल्या फॉर्मांत हे दोन्ही शेरे मी वाचले आहेत.

या हसण्याची किंमत शरीराला मोजावी लागते, हेही आता नवं राहिलेलं नाही. आर्ली हॉक्शील्ड या समाजशास्त्रज्ञांनी १९८३मध्ये विमानातल्या परिचारिकांच्या कामाचा अभ्यास मांडला आणि अशा कामाला भावनिक श्रम म्हटलं. त्यांनी दोन प्रकार सांगितले. एक, चेहरा बदलायचा आणि मन होतं तसंच ठेवायचं. दुसरा, मनालाच समजवायचं, वळवायचं. विमानात येणारा प्रवासी म्हणजे आपल्या घरच्या बैठकीत आलेला पाहुणा, अशी कल्पना करा, असं त्या मुलींना शिकवलं जायचं. त्याच अभ्यासात दुसऱ्या टोकाला कर्जवसुली करणारे होते, ज्यांना हुकमाने कठोर व्हावं लागायचं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण मालकाला हवा तो चेहरा घालून दिवसभर बसायचं, एवढं दोन्हीकडे सारखंच आहे. वरवर चेहरा सांभाळत राहण्याचा संबंध भावनिक थकव्याशी आहे, हे त्यानंतरच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. या विषयावर वर्षानुवर्षं काम केलेल्या अ‍ॅलिशिया ग्रँडी आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी २०१५मध्ये एका शोधनिबंधात सरळ सुचवलं की कोणती भावना दाखवायची याचे नियमच कामाच्या जागेवरून काढून टाकावेत. म्हणजे मी मागते आहे ते काही अचाट नाही.

यावर तुमच्यातले काही जण म्हणतील, 'ओठ हसवा, मन आपोआप हसेल.' प्रशिक्षणात हे सांगताना पेन दातांत धरण्याचा तो जुना प्रयोग सांगतात. तो १९८८चा. दातांत पेन धरलं की चेहरा हसल्यासारखा होतो आणि मग व्यंगचित्रं जास्त मजेशीर वाटतात, असं त्यात निघालं होतं. २०१६मध्ये १७ प्रयोगशाळांनी तो पुन्हा करून पाहिला, तेव्हा तो परिणाम मिळाला नाही. २०२२मध्ये १९ देशांत मिळून मोठा अभ्यास झाला. दुसऱ्याचा हसरा चेहरा पाहून तसा चेहरा केला किंवा ठरवून ओठ हसते केले, तर थोडं बरं वाटतं, असं त्यात दिसलं. पेनबद्दल मात्र तसा भक्कम पुरावा मिळाला नाही. जे मिळालं तेही थोडंच. शिव्या ऐकून घेताना आठ तास धरून ठेवलेल्या हसण्याची भरपाई त्यातून कशी होणार?

फोनवर बोलतानाही हसरा चेहरा राहावा म्हणून फोनवर काम करणाऱ्यांच्या टेबलावर छोटा आरसा ठेवतात, तेवढं मात्र शास्त्राला धरून आहे. ओठ ताणले गेले की आवाजाचा मार्ग जरा आखूड होतो, स्वर बदलतो आणि ऐकणाऱ्याला हसू ऐकू येतं. मात्र ऐकू येतं ते ओठांचं ताणलं जाणं. पलीकडचा माणूस आनंदी आहे, असा त्याचा अर्थ नाही.

गेल्या काही वर्षांत तुमच्यातल्या काहींनी हा रकाना माणसाऐवजी यंत्राकडे सोपवायला घेतला आहे, म्हणून त्याबद्दलही लिहायला हवं. जपानमधल्या एका रेल्वे कंपनीने २००९मध्येच स्थानकांवर कॅमेरा आणि संगणक बसवून कर्मचाऱ्यांचं हसू शून्य ते शंभर असं मोजायला सुरुवात केली होती. त्यानंतर नोकरीच्या मुलाखतींत उमेदवाराच्या चेहऱ्याचं विश्लेषण करणारी सॉफ्टवेअर आली. २०१९मध्ये लिसा फेल्डमन बॅरेट आणि इतर चार शास्त्रज्ञांनी उपलब्ध संशोधनाचा मोठा आढावा घेतला. नुसत्या चेहऱ्याच्या हालचालींवरून माणसाच्या मनात काय आहे हे खात्रीने सांगता येत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. लोक आनंदात हसतात, पण नेहमी नाही. आनंद नसतानाही हसतात. मुलाखतींचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या हायरव्ह्यू या कंपनीने चेहऱ्याचं विश्लेषण थांबवल्याचं २०२१च्या जानेवारीत जाहीर केलं. मायक्रोसॉफ्टने जून २०२२मध्ये आपल्या चेहरा ओळखण्याच्या सेवेतून भावना ओळखण्याची सोय मागे घेण्याची घोषणा केली. युरोपीय संघाने तर २०२४च्या कृत्रिम बुद्धिमत्तेवरच्या कायद्यात कामाच्या जागी आणि शिक्षणसंस्थांत माणसाच्या भावना ताडणाऱ्या यंत्रणांवर बंदीच घातली. वैद्यकीय आणि सुरक्षेच्या कारणांचा अपवाद आहे. ही बंदी २ फेब्रुवारी २०२५पासून लागू झाली.

त्या कायद्याच्या प्रस्तावनेतला एक बारकावा मला फार पटला. चेहऱ्यावर हसू आहे किंवा कपाळाला आठी आहे, एवढंच टिपणं म्हणजे भावना ओळखणं नव्हे. त्यावरून आतल्या भावनेचा निष्कर्ष काढला की मग ते भावना ओळखणं होतं. नेमकी हीच उडी तुमचा रकाना मारतो. 'ओठ वर आहेत' इथून 'कर्मचारी समाधानी, वृत्ती सकारात्मक' इथपर्यंत. यंत्राने ती मारू नये असं एका मोठ्या कायद्याला वाटलं. पर्यवेक्षकाने ती का मारावी?

मी हसण्याच्या विरोधात नाही, आणि हे पत्र वाचून कोणी काउंटरवर कपाळाला आठ्या घालून बसावं, असं मला मुळीच म्हणायचं नाही. शस्त्रक्रियेच्या आधी फॉर्मवर सही करताना ज्याचा हात थांबतो, त्याच्याकडे पाहून आपसूक उमटलेलं हसू काय करतं, ते मी पाहिलं आहे. खांदे खाली येतात, माणूस श्वास सोडतो, मग त्याला पुढचं वाक्य ऐकू येतं. ते हसू कोणत्याही रकान्याशिवाय येतं. आमच्यातले बहुतेक जण या कामात टिकतात ते त्यासाठीच. पण त्याच खिडकीवर थोड्या वेळाने मृत्यूच्या दाखल्यासाठी कोणी येतं. तिथे हसरा चेहरा म्हणजे अपमान. त्या माणसासमोर चेहरा शांत ठेवणारी मुलगी आपलं काम उत्तम करत असते आणि कॅमेऱ्याखाली तिचे गुण कमी होत असतात. चेहऱ्यावर काय यावं हे समोर कोण उभं आहे यावर ठरतं. ते खिडकीवर बसलेल्यालाच कळतं, नियम लिहिणाऱ्याला लांबून कळू शकत नाही.

'पण ग्राहकांना हसू आवडतं' हे तुमचं उत्तर मला माहीत आहे. आवडतं, नाही असं नाही. ग्रँडी आणि सहकाऱ्यांनी २००५मध्ये हेही तपासलं होतं. खरं वाटणाऱ्या हसण्याने ग्राहकाचं समाधान वाढलं, पण मुळात काम नीट झालं होतं तिथेच. काम चुकलं असेल तर हसण्याने ते भरून निघालं नाही. खिडकीसमोर रांग वाढते, प्रिंटर बंद पडतो, एका पाळीत दोन माणसं कमी असतात आणि वरून येणारी सूचना असते, 'हसतमुख राहा.' रांगेतला माणूस मूर्ख नसतो. आपला खोळंबा झालेला असताना समोरची बाई का हसते आहे, असंच त्याला वाटतं, आणि चीड निघते तिच्यावर. माणसं वाढवायला पैसे लागतात, हसू फुकट मागता येतं. हे वाक्य कटू आहे, पण मला ते खरं वाटतं.

आणि थोडं तुमच्या स्वतःच्या हसण्याबद्दल. तुम्ही बैठकीत हसता तेव्हा आम्ही ते फार बारकाईने वाचतो, कारण आमचं बरंच काही त्यावर अवलंबून असतं. माग्दालेना रिख्लोव्स्का आणि सहकाऱ्यांनी २०१७मध्ये हसण्याचे तीन प्रकार दाखवून दिले होते: शाबासकीचं, जवळिकीचं आणि वरचष्म्याचं. तिसऱ्यात ओठ एका बाजूला जास्त वर जातो. ते आम्ही कोणत्याही अभ्यासाआधीपासून ओळखतो. कामावरून काढल्याची यादी वाचताना साहेबांच्या चेहऱ्यावर जे हसू असतं ते बहुधा अवघडलेपणाचं असतं, दुष्टपणाचं नसतं, हे मी समजू शकते. पण ज्याचं नाव यादीत आहे त्याला ते तसं वाचता येत नाही. सार्वजनिक जीवनात तर हे रोज दिसतं. कॅमेरा समोर आला की हसायचं, ही सवय इतकी मुरलेली असते की दुर्घटनेच्या जागी पाहणीला गेलेला पुढारीही फोटोत हसताना सापडतो आणि मग दिवसभर त्याच्यावर टीका होते. तो क्रूर असेलच असं नाही. त्याचा चेहरा सवयीच्या ताब्यात गेलेला असतो. आमचे चेहरे तसेच व्हावेत, असं तुम्हाला खरंच वाटतं का?

आणखी एक गोष्ट तुमच्या लक्षात आली नसेल. हसण्याची सक्ती असलेल्या जागी कनिष्ठ माणूस वरिष्ठाला चूकही हसत हसतच सांगतो. 'सर, हा डोस जरा जास्त वाटतोय का, मलाच समजत नसेल' असं म्हणून हसतो. वरिष्ठही हसतो आणि पुढे जातो. इशारा दिला गेला, ऐकला मात्र गेला नाही. रुग्णालयात याचा अर्थ काय होतो, ते वेगळं सांगायला नको. पण हिशेबाच्या टेबलावर, कारखान्याच्या यंत्रापाशी, कुठेही हेच होतं. गंभीर गोष्ट गंभीर चेहऱ्याने सांगण्याची मुभा ही सुरक्षेची बाब आहे.

मग रकान्याच्या जागी काय? समोरच्याकडे पाहून बोललं का, नाव नीट विचारलं का, पूर्ण उत्तर दिलं का, माहिती नव्हती तर कोणाकडे जायचं हे सांगितलं का. हे सगळं पाहता येतं, मोजता येतं, शिकवता येतं आणि यातलं काहीही दुःखात, थकव्यात, डोकेदुखीतही करता येतं. सभ्यपणा मागा, तो मागण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. दुसरं, उर्मट किंवा लगट करणाऱ्या माणसासमोर हसणं थांबवण्याचा, आवाज कडक करण्याचा आणि खिडकीवरून उठण्याचा हक्क नियमात लेखी असू द्या. टोक्योने ग्राहकांकडून होणाऱ्या छळाविरुद्ध केलेला अध्यादेश १ एप्रिल २०२५पासून लागू झाला आहे. सेवेतल्या नम्रतेसाठी जगभर वाखाणल्या जाणाऱ्या देशाच्या राजधानीला त्याची गरज वाटली, याचा विचार करा. तिसरं, बदलीच्या अर्जावर कोणी 'वैयक्तिक' असं लिहिलं तर त्या व्यक्तीला, पर्यवेक्षक हजर नसताना, एकदा बोलावून विचारा.

आणि रकाना काढलात, तर तसं परिपत्रक लेखी काढा आणि ते प्रत्येक खिडकीपर्यंत पोचवा. तोंडी दिलेल्या सूचना पर्यवेक्षकाच्या टेबलापर्यंत येऊन थांबतात, हा आमचा अनुभव आहे. रात्रपाळीच्या फळ्यावरही एक प्रत लावायला सांगा, कारण त्या पाळीला वरचं कोणी हजर नसतं.

आपली,
स्वागतकक्षातली एक कर्मचारी